काळी पेंड

पवनानगरजवळून,
बुधवार, ८ एप्रिल १९७०

प्रिय रतन,

सप्रेम जय भीम.

अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर मला हसू नकोस. आत्या सरपणाला गेल्यात, चिंगीला शेजारच्या चिमाबाईकडे बसवलंय, दाराला कडी घातलीय, आणि तरी दाराचा पत्रा नुसता वाजला की मी कागद पदराखाली घेते. दोनदा घेऊन झाला. तुझ्या थोरल्या जावेचं सासूपुढं धाडस एवढंच गं. तू असतीस तर म्हणाली असतीस, अक्का, कागदाला एवढं भितेस तर माणसांना किती भिशील. लय भिते बाई. तेच सांगायला बसलेय.

रविवारी तुमच्याकडे वाकसईला बैठक आहे, हे तुझ्या वडलांनी तुला सांगितलं असेलच. आत्या, आमचे हे, भिकाभाऊजी आणि भावकीतली दोन म्हातारी माणसं येणार आहेत. तुझा नि भाऊजींचा काडीमोड घ्यायचा असं आत्यांनी मनाशी धरलंय. भाऊजी लोणावळ्याहून कामावरनं येतात, जेवतात, भिंतीकडं तोंड करून पडतात. ना हो, ना नाही. आत्या म्हणतील तिकडं ते मान हलवतील अशी मला धास्ती आहे. मी रोज दिवस मोजते. आता चार राहिले.

तुझी पाच कोकरं बरी आहेत, हे आधी सांगते. तुझा जीव तिकडं लागला असणार. पांढऱ्या कानाचं तर एवढं माजलंय की मला ढुशी देऊन पाडतं. गेणूबाबा कोकणातनं वर आले की ओळखायचे नाहीत त्याला. आठवतं का, दिवाळीनंतर त्यांचा मेंढरांचा वाडा घाट उतरायला निघाला तेव्हा ते नऊ जीव कसे होते? पाय काड्यांसारखे, चालवेना म्हणून तर धनगर आपल्या दारात ठेवून जातात. वाढवून दिली की चारांमागं एक आपलं, ही रीत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. आत्यांना त्या विश्वासाचा केवढा अभिमान. आजवर गेणूबाबांचं एक कोकरू आपल्या दारात मेलं नव्हतं.

आणि तू नवी नवरी, शेतकी मेळाव्यातनं वही भरून आणलेली. शेंगदाण्याची पेंड यंदा मिळेना, तर तू म्हणालीस कारळ्याची घालू. आपल्याच डोंगरउतारावरचे कारळे, घाण्यावरनं आलेली आपलीच पेंड, काळीकुट्ट. आत्या म्हणाल्या, "अगं ती म्हशीम्होरं टाकायची पेंड, दूध पिणाऱ्या लेकरांना घालतीस व्हय? आतडी जळतील." तू हसून म्हणालीस, आधी चिमूट, आठ दिवसांनी मूठ, सोबत कोंडा आणि मिठाचा खडा. मेळाव्यातल्या साहेबांनी सांगितलंय, अंगात मांस भरतं. मला वहीत लिहायला बसवलंस. चौथीनंतर मी पेन्सिल धरली नव्हती. आज हे पत्र लिहितेय ते तुझ्यामुळंच, आणि लिहितेय काय ते पुढं वाच.

मग ते दोरे. दर बाजाराच्या दिवशी तू प्रत्येक कोकराच्या छातीभोवती त्याचा दोरा गुंडाळायचीस आणि जिथं टोक भेटेल तिथं गाठ मारायचीस. पुढच्या खेपेला गाठ पुढं सरकली की टाळ्या पिटायचीस लहान पोरीसारखी. नऊ दोरे गोठ्यात नऊ खुंट्यांना. मला ते फार आवडायचे. कोकरू किती वाढलं ते न शिकलेल्या माणसालाही बोटानं कळत होतं.

आत्या आल्या होत्या. कागद पिठाच्या डब्यात टाकला, म्हणून हा डाग. भारा टाकून परत गेल्या.

माघात पहिलं कोकरू खायचं सोडून बसलं. डोळे पिवळे. तिसऱ्या दिवशी गेलं. मग दुसरं. चौथं गेलं त्या सकाळी आत्या गोठ्यात शिरल्या आणि त्यांना खुंट्यांवरचे दोरे दिसले. दोन महिने डोळ्यांसमोर होते, पण त्या दिवशी दिसले. "ह्या गाठी कशाच्या? कुणाच्या नावाच्या मारल्यात?" तू समजावत होतीस, छातीचं माप आहे, आत्या, वही बघा. त्यांना वाचता कुठं येतं? दोरे ओढून त्यांनी चुलीत घातले आणि घातल्यावर स्वतःच चार पावलं मागं सरल्या. देव्हारा उचलून त्यांनी पवनेत सोडला त्याला चौदा वर्षं होत आली. विहारात पुढं बसून वंदना म्हणतात. पण भीती काही नदीत सोडली नाही गं त्यांनी. ती तशीच घरात राहिली.

त्यानंतरचे दहा दिवस तू काय सोसलंस ते मी बघितलंय. तुझ्या हातचं पाणी नको. पिठाला हात लावू नको. चिंगी तुझ्याकडं धावली तर आत्या ओरडायच्या, "चिंगे, तिकडं जाऊ नगं, तिच्या हाताला इख हाय." आणि मी चिंगीला उचलून आत आणायची. मी, रतन. तू माझ्याकडं बघायचीस, आणि मी भाकरीकडं बघायची.

तुला माहीत नाही ते आता सांगते. चिंगीच्या आधी मला मुलगा झाला होता. दीड महिन्याचा होऊन गेला. ताप आला नि गेला, कुणाचा काही दोष नव्हता. पण आत्या म्हणाल्या, सरूच्या हाताला यश न्हाई. दोन वर्षं मला पेरणीच्या बियाण्याला शिवू दिलं नाही. कुणाकडं बारसं असलं की मी घरी. वाटेनं बाया लेकरं पदराखाली घ्यायच्या. मारझोड परवडली, पण ते परवडत नाही. चिंगी झाली, दिवस बदलले, तरी आत्यांची ती नजर माझ्या पाठीवर आहे असं मला रोज वाटायचं. त्या दिवशी दोरे जळताना ती नजर माझ्यावरनं उठली आणि तुझ्यावर बसली. मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

आणि एवढंच असतं तरी मी गप्प बसले असते आणि माझी मी कुढत राहिले असते. पण एवढंच नाही.

ती चार कोकरं माझ्या हातानं मेली.

माळ्यावर शेंगदाण्याच्या पेंडीचं एक पोतं होतं, गेल्या पावसाच्या आधी ह्यांनी म्हशीसाठी आणलेलं. भादव्यात कौल सरकून त्यावर गळत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीत मी बघितलं तर पेंडीला हिरवी-काळी बुरशी आलेली. टाकवेना. वरचं खरवडलं, अंगणात चार दिवस कडक ऊन दिलं. आपण धान्य, पापड, गोधड्या, सगळ्याला ऊनच देतो की. वास गेला, मला वाटलं चांगली झाली. तू कोकरांना काळी पेंड घालायचीस तेव्हा माझं मन धजत नव्हतं. आत्यांसारखंच मलाही वाटायचं, आतडी जळतील बिचाऱ्यांची. पण तुला बोलायचं धाडस नव्हतं. म्हणून तू पाण्याला गेलीस की जी चार सगळ्यांत रोडकी होती त्यांना मी बाजूला घेऊन ती वाळवलेली पेंड खाऊ घालायची. मुठी भरभरून. शेंगदाण्याची ती, मायेनं घातलेली, तिनं काय व्हायचंय? ती चारच मेली. नुसती तुझी काळी पेंड खाणारी पाच आज उड्या मारतायत.

तेव्हा मला कळलं नव्हतं, हे खरं मान. कळलं शिमग्याच्या आधी. गुरांना लस टोचायला वडगावहून डॉक्टर आले होते. उरलेली पेंड जिला घालत होते ती म्हैसही खाईना म्हणून मी भीतभीत त्या पेंडीचा खडा पदरात बांधून नेला. त्यांनी तो फोडला, आत बघितलं, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडं रोखून बघितलं. म्हणाले, बाई, ही बुरशी विषारी असते, ऊन दिलं तरी विष जात नाही, लहान जनावराचं काळीज पिवळं पडून जातं. कुणाला घातली का? मी चार बोटं वर केली. म्हटलं, सगळे म्हणतात कारळ्याच्या पेंडीनं गेली. ते म्हणाले, कारळ्याची पेंड चांगली असते, तिला नावं ठेवू नका, ही आधी पुरून टाका.

मी पुरली. त्याच दुपारी, परसात, कमरेइतका खड्डा खणून. घरात विचारलं तर सांगितलं, उंदीर पडले होते पोत्यात. म्हैस सावरली. पण पेंड पुरली तेव्हा तुझा पुरावाही पुरला हे मला चांगलं कळत होतं. त्याला आज बावीस दिवस झाले. बावीस दिवस रोज सकाळी ठरवते की आज ह्यांना सांगायचं. ताट वाढते, तोंड उघडते आणि विचारते, कालवण अजून वाढू का? आत्यांचा चेहरा समोर येतो. पुन्हा ती नजर. आता तर चिंगीही आहे. उद्या तिलाही म्हणतील, इखाच्या हाताची पोर. तू तरुण आहेस, शिकलेली आहेस, तुझे वडील दत्तोबा तुझ्या पाठीशी उभे आहेत. तू निभावशील, असं मी माझ्या मनाला किती वेळा सांगितलं असेल. मन ऐकत नाही. तू माहेरी जाताना पिशवी उचलून मला वाकून नमस्कार केलास, आणि म्हणालीस, अक्का, राहिलेल्या पाचांना तेवढी मूठभर घालत जा. तुला माझ्यावर जराही शंका नव्हती. त्या शब्दानं मला जगू दिलं नाही.

घालतेय हो. चोरून घालतेय, तुझ्या वहीत लिहिल्याप्रमाणं. आत्यांना वाटतं पाल्यावरच वाढतायत. एक दोरा मी चुलीतनं ओढून घेतला होता, पांढऱ्या कानाचा. एका टोकाला जळलाय. तू गेल्यापासनं त्यावर सहा गाठी मी मारल्यात. पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत माझी पुरी वीत भरते. तो या पाकिटात घालतेय. कोकरू दारात आहे, ज्याला शंका येईल त्यानं दोरा लावून बघावा.

रविवारी मीही येणार आहे, स्वैपाकाला माणूस हवं म्हणून. तिथं उभं राहून हे सगळं बोलेन असं वचन मी तुला देत नाही. मी स्वतःला ओळखते. आत्यांनी एकदा बघितलं की माझी दातखीळ बसेल, मी चहाचे कप विसळत राहीन आणि तुझा काडीमोड होऊन जाईल. म्हणून हा कागद आज पोस्टात टाकतेय. एकदा पेटीत पडला की माझ्या हातात राहणार नाही, मला मागं घेता येणार नाही. हे पत्र लपवून ठेवू नकोस, फाडू नकोस, माझी दया करू नकोस. बैठक बसली की तुझ्या वडलांना ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांग, पहिल्या ओळीपासून, माझ्या मुलाचंही वाचू दे. भाऊजींना ऐकू दे. आणि वाचून झालं की मला चुलीपासनं बाहेर बोलवायचं आणि एवढंच विचारायचं, सरू, हे तू लिहिलंयस का? मला एकच शब्द बोलायचाय. व्हय. तेवढा मी म्हणेन. कालपासनं म्हशीपुढं उभी राहून म्हणून बघतेय.

तुझीच,
सरूअक्का