मखमलीवरचा बाण

बसवकल्याण, दि. १४ नोव्हेंबर २०२४

हा कागद गेल्या वर्षीच लिहायला हवा होता. इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल घरच्यांनी क्षमा करावी. परवा कलबुर्गीत माझं ऑपरेशन आहे.

मी, भार्गवी रामाचार्य जोशी, वय सेहेचाळीस, शिक्षण एम.ए., धंदा मखमलीचं शिवणकाम, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने माझ्यामागची वाटणी लिहून ठेवते. कोणाचं दडपण नाही. संशय मात्र आहे; तो लपवला तर 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द खोटे ठरतील.

१. बँकेतली शिल्लक चुलतभाऊ संकर्षण याच्या मुलीच्या शिक्षणाला. संकर्षण कोळारला कारखान्यात असतो, कधी काही मागत नाही. न मागणाऱ्यांचीही मला धास्ती वाटते, पण तो दोष माझा.

२. आईची मखमली दुलई कापूस भरायला येणाऱ्या धनलक्ष्मीला. उन्हात घालताना लव, म्हणजे मखमलीची केसाळ बाजू, आत राहू द्यावी. इस्त्री उलट बाजूनेच, खाली टॉवेल घालून.

३. पुढची खोली, दोन्ही मशिनं आणि गाणगापूरच्या दुकानांचं काम हे माझी विधवा भावजय वैष्णवी हिला द्यायचं ठरलं होतं. तिला दुसरा आधार नाही. तरी आज ते मी संकर्षणच्या नावे लिहिते. कारण सांगणं भाग आहे.

आजवर मखमल मीच बेतायची, मीच जोडायची. वैष्णवी वर जर आणि टिकल्या लावायची. दुखणं लागल्यापासून जोडायचं काम बहुतेक तीच करते. मी बेतते आणि तुकड्यांच्या उलट बाजूला खडूने बाण काढून देते, म्हणजे सगळी लव एका दिशेला राहावी. उलटसुलट बसली की एकच कापड दोन रंगांचं दिसतं. तशाच पादुकांच्या बैठका गाणगापूरहून परत आल्या: मध्ये जांभळ्या, कडेला काळपट. अस्तर उसवून पाहिलं. मधला भाग माझ्या हातचा, त्याला बाण नव्हता; काठ तिच्या हातचे. एकूण एक काठाचा बाण मधल्या लवेच्या बरोबर उलट.

एखादा चुकला असता तर मी बोललेही नसते. शिवाय गाणगापूरच्या लिंगराज दुकानदाराचा फोन ती अंगणात जाऊन घेते. मी आले की म्हणते, "वन्सं, आत रेंज न्हाई." माझं नाव घालवून स्वतःचं मांडायचं असेल का? की दुखण्याने माझीच नजर वाकडी झाली? ठरवता येत नाही, तरी ठरवलं आहे.

भार्गवी रामाचार्य जोशी (सही)
साक्षीदार: १. नागनाथ बसवंतप्पा पाटील (सही)
२. विजयश्री

दुसरी सही झालेली नाही. शेजारच्या विजयश्रीबाईंनी नावापर्यंत लिहिलं, मग तिसरं कलम वाचून पेन खाली ठेवलं.

"भार्गवी, बाणाचा अर्थ तिला सांगितलीस काय?"

"त्यात सांगायचं काय? बाण जातो तिकडं लव लोळते."

"आमच्या राजेश्वर गावात बाणाचं टोक म्हणजे कापडाचा माथा. लव तिथून खाली येते. वैष्णवीबी तिथलीच की."

"मग तिनं विचारायचं होतं."

"तू विचारलीस? तिच्या पोटावर पाय द्यायलीस अन् तिला पत्ताबी न्हाई. मी सही करणार न्हाई."

"म्या तर करून बसलो की, अक्का!" नागनाथ म्हणाले.

दोघी एकाच गावच्या, हेही माझ्या ध्यानात आहे. कागद अपुराच ठेवला.

उद्याचं काम: लव नसलेल्या कोऱ्या तुकड्यावर बाण काढून वैष्णवीच्या हाती देणे आणि लव कुणीकडे ते विचारणे, विजयश्रीबाई तिच्याशी बोलायच्या आत.