मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, कॅडवेल पार्क

लीड्स, जून १९८८

ती. सौ. शैलाताईस,

श्रीनिवासचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सुखरूप आहोत (वैजयंतीचं एक हाड सोडून, त्याबद्दल पुढे येतोच). दाजींना म्हणावं, गुडघा दुखत असताना पाटावर मांडी घालून जेवायचा हट्ट सोडा. ते ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मला मिळू दे.

तू सुचवलेला मिल्टन कीन्सचा राजीव गेल्या रविवारी मुलगी पाहून गेला. कुठे पाहून गेला, हे लिहिताना अजून माझं डोकं फिरतं. आमची कन्या आठवडाभर हॉस्पिटलच्या फार्मसीत असते, हे तुला माहीत आहे. वीकेंडला ती मोटरसायकलच्या रेसमध्ये उतरते, हे तुला माहीत नाही, कारण मी कळवलं नव्हतं. घरी चहा-पोह्यांचा बेत ठरला, तर बाईसाहेब म्हणाल्या, त्या दिवशी लिंकनशरला कॅडवेल पार्कमध्ये माझी रेस आहे, त्यांना तिथेच बोलवा. तिच्या आईने, सुप्रभाने, माझ्याशी अबोला धरला (माझ्याशी का, ते विचारू नकोस) आणि रविवारी सकाळी मुकाट्याने पोहे डब्यात भरले.

राजीव करड्या सुटात, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. आम्ही चिखलात, घडीच्या खुर्च्यांवर, आमच्या व्हॅनच्या आडोशाला बसलो. या गाड्यांच्या तेलात एरंडेल असतं म्हणे. आईने लहानपणी आपल्याला नाक दाबून जे पाजलं, त्याचाच धूर खात मी भावी जावयाची चौकशी करत होतो. प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी शेजारी इंजिन चालू करे. मुलाचं शिक्षण, नोकरी, गोत्र यांपैकी मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. तुझ्याकडे असेल तर कळव.

मग रेस सुरू झाली. वैजयंती मागून सुटली आणि एकेकाला गाठत पुढे येऊ लागली. सुप्रभा डोळे मिटून “गेली का? गेली का?” विचारत होती. मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो (रागाने, असं मी नंतर सांगितलं), त्यात माझी पोह्यांची बशी राजीवच्या सुटावर गेली. आणि आमच्या डोळ्यांसमोर, वळणावर तिचं पुढचं चाक सरकलं. गाडी एकीकडे, मुलगी दुसरीकडे.

ताई, मी धावलो. कुंपणाशी नारंगी कपड्यातल्या मार्शलने मला अडवलं, तेव्हा मी सर्जन आहे असं मी त्याला मराठीत सांगितलं. इतकी वर्षं लोकांची हाडं जोडतोय, पण तिचा खांदा मी तीनदा चाचपून पाहिला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी सगळं शाबूत. ती म्हणाली, “बाबा, माझा बाइक बरा आहे ना?” (तिचं व्याकरण सुधारायची ती वेळ नव्हती.)

तेवढ्यात राजीव आला. गवतातून गाडी ओढून आणायला तोही गेला होता. सुटावर आता पोह्यांवर चिखल. मला वाटलं, हा सभ्यपणे निरोप घेणार. तो तिच्याजवळ वाकून म्हणाला, “पडली नसतीस तर कितवी आली असतीस?”

“तिसरी,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आजपर्यंत सगळे विचारत आलेत, हे सोडणार कधी.”

त्यानंतर ती दोघं ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसून पेढे खात बोलत राहिली, आणि आपल्याच मुलीशी ओळख नसल्यासारखे आम्ही दोघं बाजूला उभे. असं मुलगी पाहणं असतं का, तूच सांग. मी या प्रकाराच्या सक्त विरोधात आहे, हे सर्व नातेवाइकांत जाहीर करावंस.

तुझा,
श्रीनिवास

ता. क. दोघांचा होकार आहे. आता मुद्द्याचं. राजीवच्या आई तुझ्या घरापासून जवळच राहतात ना? त्यांना मुलीचा हात गळ्यात बांधलेला आहे एवढंच कळलंय. तू जाऊन सांग, जिन्यावरून पडली. आमच्या घरात जिना आहे, म्हणजे अगदीच खोटं होणार नाही. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुला सांगतोय.

ता. ता. क. हे सुप्रभाला लिहू नकोस. पुढच्या मोसमासाठी रेसचा डॉक्टर म्हणून मी नाव दिलं आहे. फक्त पोरीवर लक्ष ठेवायला. डॉक्टरला अगदी वळणाच्या तोंडाशी उभं करतात. तिथून फार छान दिसतं.