चांदणी उतरवायच्या आधी

३० डिसेंबर, मंगळवार
मिरजेच्या स्थळाचा नकार पक्का. मध्यस्थ म्हणाले, "फिटचं कळलं त्यास्नी. तुमच्याच घरातनं फोन गेलता." नाव सांगेनात. मला ठाऊक आहे. अमोल, थोरल्या आबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. गेल्या आठवड्यात मिरजेला गेला होता. मला फिट एकदाच आली, सहा वर्षांचा असताना, तापात. मुलीला, रूथला, मी स्वतः सांगणार होतो. पुढच्या भेटीत.

१ जानेवारी, गुरुवार
चर्चच्या दारात अमोलनं हात पुढे केला. "हॅपी न्यू इयर, नवरदेव!" हात दिला. घरी येऊन साबणानं धुतला.

२ जानेवारी, शुक्रवार
सहा तारखेलाच बोलायचं. आजोबांपासूनचा नियम आहे: मागी लोक बाळ येशूला भेटले त्या दिवशी, दारावरची नाताळची चांदणी उतरवायच्या आधी, ज्याला जे खुपतं ते त्यानं सर्वांसमोर बोलायचं. समोरच्यानं माफी मागायची, आपण 'माफ' म्हणायचं. मग चांदणी खाली, नाताळ संपला. विषय पुन्हा काढायचा नाही. मी दरवर्षी 'काही नाही' म्हणतो.
यंदा अमोलचे होणारे सासू-सासरे गडहिंग्लजहून येणार. त्यांना सांगितलंय, मुलगा शिरोलीत फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. तो कंत्राटी हेल्पर आहे. मी त्याच शेडमध्ये कामाला. त्यानं माझं मोडलं, मी त्याचं मोडीन.

४ जानेवारी, रविवार
चार वाक्यं लिहिली. बोलायचीच आहेत, तरी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. तिसरं म्हणताना आवाज फाटतो.
आई : "काय पुटपुटतोयस?"
"प्रार्थना."

७ जानेवारी, बुधवार
काल संध्याकाळी बोललो. चारही वाक्यं: मिरजेचा फोन, आणि तो सुपरवायझर नव्हे, हेल्पर. आवाज फाटला नाही.
अमोल : "मी? आरं मी गाडीचा पार्ट आणाय गेलतो मिरजेला!"
त्याचे सासरे चहा न घेता उठले. "बघू की. घरात इचारून सांगतो." चपला घालताना सासूबाई रडत होत्या.
मग आई म्हणाली, "फोन मी केलता. लपवून पोरगी आणायची न्हवती मला."

मी अ.ची माफी मागितली. हळू आवाजात. आबा त्याला म्हणाले, "म्हण माफ." तो म्हणाला, "न्हाय म्हणत." आईनं माझ्याकडे बघून हात जोडले. आबा मला म्हणाले, "तू तरी म्हण." माझं तोंड उघडलं नाही. आबा आत निघून गेले. चांदणी वरच.
खरं लिहितो. पावणे उठले तेव्हा अ.चं तोंड बघून बरं वाटलं. आई बोलली त्यानंतरही थोडा वेळ वाटत होतं.

९ जानेवारी, शुक्रवार
गडहिंग्लजचा फोन नाही. अ. रोज दिवेलागणीला चांदणी लावतो. समोरचे काका : "होळीपतूर ठेवताय काय ओ आबा?"
आई दोन दिवस जेवण वाढते, बोलत नाही. मीही नाही. फोन करायच्या आधी तिनं मला विचारायचं होतं. एकदा तरी.

११ जानेवारी, रविवार
आई अखेर बोलली. "माझं ऱ्हाऊ दे. त्याच्याकडं जा."
गेलो. चांदणीचा बल्ब गेला होता, अ. नवा घालत होता. खाली न बघता म्हणाला, "स्टूल धर."
स्टुलाचा एक पाय आखूड. दोन्ही हातांनी धरलं. दोनदा सोडावंसं वाटलं.
चांदणी लागली. तो उतरला, स्टूल घेऊन आत गेला. 'माफ' तो म्हणाला नाही. मी घरी आलो, आईनं ताट वाढलं. मीही तिला 'माफ' म्हणालो नाही.