ब्रशचं टोक

मंगळवार, ६ जानेवारी

काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. प्रयोगशाळेच्या जिन्याला चौदा पायऱ्या लिहिल्या होत्या, पंधरा आहेत. आज जाताना आणि येताना मोजल्या. खाडाखोड करायची नाही, चुकीवर एकच रेघ ओढायची आणि खरं काय ते खाली तारखेसह लिहायचं, हा आत्याचा नियम. दहा वर्षांची होईपर्यंत आत्या हीच माझी शाळा होती. स्वयंपाकघरातलं टेबल हा वर्ग, मी आणि धाकटी बहीण मिळून अख्खी पटसंख्या.

बाकी कालचा आनंद बरोबर लिहिलाय. नोकरी मिळाली, शिवाय दहा मिनिटांवर खोलीही. घर ताईंचं आहे. माझ्या जागेवर आधी त्याच होत्या. तब्येतीमुळे काम सोडलं. वय जेमतेम सत्तेचाळीस. त्यांनी मला चहा दिला, पाच मिनिटांनी पुन्हा दिला. त्यांचे यजमान, भाऊजी, म्हणाले, आमच्याकडे पाहुणचार दुप्पट असतो. मी दोन्ही प्यायले.

शुक्रवार, ९ जानेवारी

काम समजलं. विसरण्याच्या आजाराने गेलेल्या माणसांचे मेंदू घरच्यांच्या संमतीने इथे येतात. गोठवलेला तुकडा थंड पेटीतल्या पात्यावर धरून मी केसाहून पातळ काप काढते आणि बारीक ब्रशने काचपट्टीवर उचलून घेते. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांचं म्हणणं असं की, असले आजार निव्वळ म्हातारपणाने होत नाहीत; कुठलातरी जुना संसर्ग वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो आणि मग मेंदू पोखरतो. बाकीचे लोक त्यांना हसतात. काचपट्ट्या पाहून कोणी मानत नाही, कारण जंतू आधी आला की आजार, हे मेलेल्या माणसाकडून कळत नाही.

पेटीत ब्रश गोठून ताठ होतो. तो ओठांत धरायचा, म्हणजे मऊ होतो आणि छान टोक येतं. मला किळस वाटली. डॉक्टर म्हणाले, इथली जुनी पद्धत आहे, आधीच्या तिघीही असंच करायच्या. त्यांनी करून दाखवलं. तिसऱ्या दिवशीच माझे काप न फाटता यायला लागले.

रोजनिशीही त्यांनीच लिहायला सांगितली आहे. घरी, मनात येईल ते. वही भरली की त्यांच्याकडे द्यायची. मी तशीही लिहितेच.

गुरुवार, १२ मार्च

डॉक्टरांनी विचारलं, तुमच्यासारखं काटेकोर घरात आणखी कोणी आहे का? दुसरी जागा मंजूर झालीय. मी लगेच धाकटीचं नाव सांगितलं. तिची परीक्षा संपली की सोमवार, २२ जूनला ती रुजू होईल. एका खोलीत दोघी! पुन्हा पटसंख्या पूर्ण.

सोमवार, २० एप्रिल

धाकटीचा फोन. हसत होती. एकाच मजकुराची दोन पत्रं मिळाली म्हणे, दोन दिवसांच्या अंतराने. म्हणाली, आत्याने तुला एकदाच लिहायला शिकवलं होतं ना. दुसरं पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. थकवा असेल.

गुरुवार, १४ मे

नवा ब्रश शोधायला डॉक्टरांचं कपाट उघडलं. ते बैठकीला गेले होते. परवानगी घेतली नव्हती, हे नोंदवते.

आत तीन भरलेल्या वह्या होत्या, ह्याच आकाराच्या. तिसरी ताईंची. सुरुवातीला अक्षर मोत्यासारखं. पुढे एकच वाक्य दोनदा. शेवटच्या पानावर एकच वाक्य नऊ वेळा: आज ब्रशला छान टोक आलं.

समासात तांबड्या पेन्सिलीने डॉक्टरांचं अक्षर. दिवस १०९, पहिली पुनरुक्ती. दिवस १६०, तारीख चुकली. तिन्ही वह्यांत तसंच. शेजारी एक रिकामं पाकीट होतं, वर माझी रुजू झाल्याची तारीख. त्याच्या खाली दुसरं. त्यावर २२ जून.

घाईने निष्कर्ष काढायचा नाही. तीन माणसं म्हणजे पुरावा नव्हे. योगायोग असू शकतो. पण मी दिवस मोजले. पत्र दोनदा लिहिलं तो माझा एकशे चारावा, एकशे पाचावा असेल.

शुक्रवार, १५ मे

आज एक गोष्ट नीट आठवली. जानेवारीत दाखवताना डॉक्टरांनी ब्रश ओठांजवळ नेला होता. लावला नव्हता.

मंगळवार, ९ जून

ब्रश आता बोटांच्या उबेने मऊ करते. काप फाटतात. डॉक्टरांनी फक्त विचारलं, पद्धत बदललीत का, आणि कशामुळे. मी म्हटलं, ओठ फुटलेत. त्यांनी मलम आणून दिलं. फार मायेने.

वही कुठवर आली, असंही विचारलं. म्हणाले, "वही खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

रविवार, १४ जून

ताई भाजी निवडत होत्या. मी विचारलं, तुम्हाला ब्रश आठवतो का. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "पोरी, तोंडात घालू नकोस. मी तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. की सांगितलं होतं? मागची पानं चाळली. ३० मेच्या खाली माझ्याच अक्षरात आहे — ताई म्हणाल्या, तोंडात घालू नकोस. खाली एक रेघ ओढलेली. कोणी ओढली?

मंगळवार, १६ जून

ठरलं. शुक्रवार, १९ जून, सकाळी साडेनऊ. कामावर न जाता पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. स्वतःला तपासून घ्यायचं, ताईंचं सांगायचं, ही वही दाखवायची. मग लगेच धाकटीला फोन — येऊ नकोस. फोनवर आत्ताच सांगितलं असतं, पण ती कारण विचारेल आणि माझं एखादं वाक्य चुकलं तर हसेल. आधी तपासणी. मग पुराव्यासकट सांगेन.

शुक्रवार. १९ जून. साडेनऊ. हातावरही लिहिलंय.

गुरुवार, १८ जून

हात धुतला. काय लिहिलं होतं —

वही पाहिली. उद्या. उद्या जायचं.

शुक्रवार, १९ जून

सोळा काप. एकही फाटला नाही. डॉक्टर खूश. सकाळपासून वाटत होतं कुठेतरी जायचंय — दुकानात असेल. साबण संपलाय.

ब्रशला आज छान टोक आलं.

सोमवार, २२ जून

धाकटी आली! ताईंनी तिला दोनदा चहा दिला. ती हसली, दोन्ही प्यायली. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत असं मी सांगितलं तर ती मोजून म्हणाली, पंधरा. हुशार आहे. हातही हलका. पहिल्याच दिवशी ब्रश धरायला शिकली. ओठांत कसा धरायचा ते मीच दाखवलं. डॉक्टर बाजूला उभे होते. तिला कोरी वही दिली.

आत्ता ती शेजारी बसून तीच लिहितेय. पान उलटताना आवाज येतो —

मागचं पान वाचलं. देवा. बरं झालं वाचलं. अजून वेळ आहे. सगळं ठरलेलं आहे, वेळसुद्धा. शुक्रवार, १९ जून, सकाळी साडेनऊ. धाकटी यायच्या आत मी —