मेंढरांना देवी आल्या तेव्हा

छावणी, छत्रपती संभाजीनगर

मुंजाबादादा,

नमस्कार लिहिला, पण हे पत्र पेटीत पडेल असं वाटत नाही.

मेंढ्यांच्या देवीवर मी वीस वर्षं संशोधन करते आहे. नवी लस पारखायला कधीच देवी न आलेल्या मेंढ्या हव्या होत्या, म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, "आपल्या मेंढरांना काय बी झालं नाय. घे खुशाल रक्त."

तपासलं तर प्रत्येक नळीत देवीशी लढलेली प्रतिपिंडं सापडली. आधी मी प्रयोगशाळेतल्या सहकारी मॅडमवर संशय घेतला, नळ्यांची अदलाबदल केली म्हणून. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा तपासून दाखवलं. मग संशय तुझ्याकडे वळला.

काल गावी तुझ्या घरी आले होते, तेव्हा सखूवहिनी बोलून गेली, "पौषात बाई आल्या व्हत्या की मेंढरांवर, वन्सं. दाराला निंब बांधला व्हता." लगेच तिनं जीभ चावली आणि चहा टाकायला उठली.

आप्पांची रीत मी विसरलेले नाही. बाई, म्हणजे देवी, आल्या की परक्याजवळ बोलायचं नाही. लहानपणी तूच मला बजावायचास, "गप ऱ्हा कस्तुरे, बाई कोपतील." मी शाळेतही गप्प राहायचे.

मग माझ्यापासून का लपवलंस? बाजारात मेंढरांना गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणून, की मी परकी झाले म्हणून?

तू बाजारासाठीच खोटं बोलला असावास, दादा. विचारायचा धीर मात्र होत नाही.

अजून घरचीच समजणारी,
कस्तुरा