काटा मधोमध होता

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी लागून पंधरा दिवस झाले नाहीत, तोच ती जायची पाळी आली आहे. काल शिवणखात्यातल्या अकरा बायकांना घेऊन निघाले होते. पुलावर चढताना समोर किटलीसारखं चित्र असलेला तांबडा दिवा लागला. तुमचा धडा आठवला, पिवळा दिवा आठवण करून देतो आणि तांबडा हुकूम सोडतो. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बायका चालत गेल्या, कामाला तासभर उशीर झाला.

मालक आले तेच तणतणत. त्यांचं म्हणणं, इंजिनाच्या गरमीचा काटा मधोमध होता, मग थांबलीस कशाला. आता सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर सोमवारी किल्ली ठेवून जायचं. मेकॅनिकने गाडी अजून उघडलेली नाही. माझं चुकलं का, बाबा? तुमच्यावर ट्रकच्या मालकाने खोटा आळ घेतला होता. माझ्यावरचा खरा निघाला तर?

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असावा.
तुमची भिंगरी

ता. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माफी मागू नकोस. तो काटा पाण्याची गरमी सांगतो, तेलाचं त्याला काही ठाऊक नसतं. तेलाचा दाब गेला की किटली लागते, आणि मग इंजिन कोरडंच घासत राहतं.

हे मला कसं ठाऊक, ते एकवीस वर्षं सांगितलं नाही. ट्रकवरची नोकरी गेली तेव्हा दिवा लागलाच नव्हता, असं मी घरी सांगितलं. लागला होता. गोदाम चार किलोमीटरवर होतं, काटा मधोमध होता, म्हटलं दामटू. वाटेतच इंजिन जाम झालं. मालक खरं बोलत होता. तुझी आई मात्र माझी बाजू घेऊन मालकाच्या दारात भांडून आली, आणि अजून मालकीणबाई दिसल्या की रस्ता ओलांडते. मी पिशवी सावरत तिच्या मागून जातो. फार लाज वाटते गं.

पत्र पेटीत टाकण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे. तुझ्या सोमवारपेक्षा माझी आजची संध्याकाळ कठीण दिसते.

लोभ ठेव म्हणायचा धीर नाही, आशीर्वाद मात्र आहे.
बाबा

ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तेलाची नळीच फुटली होती आणि मालकाने मुकाट्याने किल्ली परत दिली, हे वाचून जीव भांड्यात पडला. चूक झाली असं तोंडाने म्हणाले नाहीत म्हणतेस. जाऊ दे, किल्ली दिली ना.

यांनी पत्र वाचलं तेव्हा मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. तीन दिवस यांच्याशी बोलले नाही. हे खोटं बोलले ते एक वेळ सोडून देईन, नोकरी गेलेला माणूस घाबरतो. पण मी रस्ता ओलांडत होते आणि हे गप्प मागून येत होते, त्याचा राग अजून आहे.

चौथ्या दिवशी चपला घातल्या आणि मालकीणबाईंकडे निघाले. हे नेहमीसारखे मागून येऊ लागले. मी थांबले, म्हटलं, आज तुम्ही पुढे व्हा. दारही त्यांनाच वाजवायला लावलं. बाईंनी उघडलं, तर यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी मदत केली नाही.

लोभ असू दे, दोघांवरही.
आई