केसचा पंखा

खरवई, बदलापूर

प्रिय बुद्धभूषण यास दाजींचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे सुखरूप आहेत. तुझी ताई ठीक, भावना ठीक, आईंचे गुडघे कुरकुरतात पण त्या काही बसून राहत नाहीत, आणि मी आहे तसाच, म्हणजे थकलेला. तुझं पित्त कसं आहे? नाशिकची हवा मानवते ना? तुझ्या मिसेसना आमचा जयभीम सांग. खरं तर फोनच केला असता, पण आईंचं म्हणणं पडलं की भूषण फोनवर हो-हो म्हणतो आणि विसरून जातो, तेव्हा कागदावर लिहा आणि टाकण्याआधी मला वाचून दाखवा. म्हणून हा कागद. (तुझ्या मातोश्री समोर खुर्ची टाकून बसल्या आहेत. पेन जरा थांबलं की "काय झालं?" विचारतात.)

विषय तू स्वतःच्या हातांनी जोडून दिलेल्या कॉम्प्युटरचा. भावना त्यावर घरबसल्या एका मिक्सर कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते, हे तुला माहीत आहेच. इतके महिने नुसती बसून होती तुझी भाची, कुणी काही विचारलं तरी अर्धं उत्तर द्यायची. हे काम लागल्यापासून जेवताना हसते, गिऱ्हाइकांच्या नकला करते. तर झालं असं की मागे एकदा कुणी बाई तक्रार सांगत होती, माझा मिक्सर आवाज करतो म्हणून, आणि मध्येच थांबून म्हणाली, मॅडम, आधी तुमचा मिक्सर बंद करा, मला माझं बोलणं ऐकू येईना. ते संभाषण रेकॉर्ड झालं. वरच्या मॅडमनी भावनाला बजावलं की पुन्हा असा आवाज आला तर रोज ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बसायचं, जमत नसेल तर काम सोडायचं. पोरीने त्या दिवशी डाळभात तसाच ठेवला.

आवाज अर्थात तुझ्या कॉम्प्युटरमधल्या पंख्याचा. बटण दाबलं की तो आधी विचार करत बसतो. मग एक आचका देतो, पुन्हा थांबतो, आणि मनात आलं तर फिरतो. त्यामुळे रोज सकाळी आमची कवायत ठरलेली. भावना बटण दाबणार, मी बाजूचं झाकण उघडून झाडूच्या काडीने पात्याला हळूच ढुशी देणार, आणि तुझी ताई चपात्या लाटता लाटता ओट्यापासून विचारणार, "लागला का?" (सगळी उमर अंबरनाथच्या कारखान्यात माणसाच्या उंचीच्या मोटारी चालवण्यात गेली. आता तळहाताएवढ्या पंख्याची मनधरणी करतो.) एकदा फिरायला लागला की जी घरघर सुरू होते ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

उपाय करायचे तेवढे केले. खाली पुठ्ठ्याची घडी घातली, तर कॉम्प्युटर गप्प आणि टेबल थरथरायला लागलं. शिलाई मशीनचं तेल सोडलं, त्याने थोडे दिवस बरे गेले, मग तेलावर धूळ बसून आत चिखल झाला. खालचे बुधाजी येऊन पाहून गेले आणि लिंबू-मिरची बांधा म्हणाले. आपल्या घरात, बुद्धभूषण! बाबासाहेबांच्या फोटोखाली! मी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. (आई मात्र "बांधून बघायला काय जातंय" असं पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

शेवटी तुला फोन केला, आठवतं? तू तोंडात घास असताना म्हणालास, "दाजी, केस फॅन गेलाय, बदलून टाका," आणि ठेवून दिलास. आता मला माहीत असलेले केस दोनच, एक डोक्यावरचे आणि दुसरी कोर्टातली. त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात एवढंच ऐकून होतो. पण तू शिकलेला माणूस, म्हणून तुझा शब्द जपून उल्हासनगरला घेऊन गेलो आणि मुकेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, चारचौघांत, स्वच्छ हिंदीत त्याचं भाषांतर करून मागितलं: बाल का पंखा. मुकेशने माझ्या डोक्याकडे पाहिलं (तिथं आता पाहण्यासारखं फारसं नाही) आणि अदबीने म्हणाला, "साईं, वो सामने लेडीज आयटम में मिलेगा." गेलो समोर. तिथल्या बाईने केस वाळवायचं मशीन काढून, चालू करून, माझ्या तोंडावर गरम हवा सोडली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परत आलो, तर मुकेश हसू दाबत म्हणाला, "कॅबिनेट फॅन बोलो ना, साईं." ही फजिती तुझ्या खात्यावर मांडून ठेवली आहे.

नवा पंखा बसवला. इतका गप्प की भावना दोनदा वाकून पाहायची, फिरतोय ना म्हणून. आणि थोड्याच दिवसांत तोही घरघरायला लागला. मग मात्र मी स्क्रू काढून पंखा हातात घेतला. मधल्या आसाला केस गुंडाळलेले होते. लांब, पांढरे, टोकाला मेंदीचा लाल रंग. घरात मेंदी लावणारी बाई एकच. तुला माहीत आहे, समोर नवा टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन येत नाही. तर आई न्हाऊन झाल्यावर केस मोकळे सोडून, स्टूल टाकून, कॉम्प्युटरच्या मागे बसत होत्या. तिथून छान ऊबदार वारा येतो म्हणे! कंगवाही तिथंच फिरायचा, आणि सुटलेला केस न् केस बाजूच्या फटीतून आत ओढला जायचा. म्हणजे तू म्हणालास ते अक्षरशः खरं ठरलं. तो केसांचाच पंखा होता.

मला कारखान्याची सवय. बिघाड सापडला की सगळ्यांना बोलावून दाखवायचा. मी ते केस वर्तमानपत्रावर ठेवले आणि चहाच्या वेळी सर्वांसमोर कारण समजावून सांगितलं. आई उठल्या. कप धुऊन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. "माझ्या केसांपायी पोरीची नोकरी गेली असती. भूषणला लिवा, मला घेऊन जा म्हणावं." तेव्हापासून पिशवी दाराशी आहे, भावना माझ्याशी मोजकं बोलते, आणि तुझी ताई तेवढंही नाही.

तरी आईंच्या सांगण्यावरून कळवतो की येत्या रविवारी येऊन त्यांना नाशिकला घेऊन जावं.

तुझा,
किसन दाजी

ता. क. १ : हे पोस्टातल्या बाकावर बसून लिहितो आहे. वरचं सगळं आईंना वाचून दाखवलं, कंसातलं सोडून. कंस त्यासाठीच असतात. ऐकून म्हणाल्या, "बराबर लिवलंय, टाका पेटीत." आता खरं ऐक. रविवारी येऊ नकोस. घराला रंग चाललाय म्हण, लिफ्ट बंद आहे म्हण, काहीही म्हण. भावना हेडफोन कानाला लावून बसली की तिच्या हाताशी मुकाट्याने ताट सरकवणाऱ्या त्याच आहेत. त्यासाठी चप्पल काढून चवड्यांवर चालतात, गुडघे दुखत असताना. आणि मलाही त्या इथंच हव्या आहेत. हे त्यांच्यासमोर लिहिता आलं नाही.

ता. क. २ : पत्र पेटीत पडलंच नाही, खिशात घेऊन उल्हासनगरला गेलो आणि समोरच्या दुकानातून केस वाळवायचं ते मशीन आणलं. मुकेश दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "मैं तो पहले ही बोला था, साईं." आईंनी ते चालू केलं आणि लगेच बंद केलं. म्हणाल्या, "केवढा आवाज करतंय हे! पोरीची नोकरी घालवता का?"

ता. क. ३ : आता पुन्हा कॉम्प्युटरच्या मागे स्टुलावर बसल्या आहेत. मी सगळ्या फटींवर मच्छरदाणीचे तुकडे चिकटवले आहेत. पिशवी अजून दाराशीच आहे, पण तिच्यातला कंगवा बाहेर आला आहे. पंखा गप्प आहे. फक्त आई म्हणतात की जाळीमुळे वारा कमी येतो, हे काही खरं नाही, मीच भूषणला फोन करते.

उचलू नकोस.